भिंतीआडचे कसब मोबाइलच्या पडद्यावर : संवर्धित वास्तव आणि बांधकाम व्यवसायाची ओळख

कोलकाता : हावडा स्थानकातून एस्प्लनेडकडे निघालेली मेट्रो हुगळी नदीखालून जाऊ लागली की खिडकीबाहेर काही क्षण निळा प्रकाश दिसतो. बोगद्यातील या दिव्यांमुळेच आपण नदीच्या पात्राखाली आहोत, हे प्रवाशांना उमगते. सुमारे ५२० मीटरचे हे अंतर गाडी पाऊण मिनिटात कापते. तेवढ्या वेळात हौशी प्रवासी मोबाइलवर चित्रीकरण करतात. त्या चित्रीकरणात नदी दिसत नाही, बोगद्याला आधार देणारी काँक्रीटची कडी नीट दिसत नाहीत आणि ती कडी जोडणारी माणसे तर मुळीच दिसत नाहीत.

याच शहरात देशातील पहिली मेट्रो उभी राहिली तेव्हा परिस्थिती नेमकी उलट होती. २९ डिसेंबर १९७२ रोजी त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. मधली बारा वर्षे शहराचे मुख्य रस्ते खणलेले होते. त्या मार्गाचा बहुतांश भाग वरून रस्ता उकरून, खाली पेटीसारखे बांधकाम करून आणि पुन्हा माती लोटून तयार झाला. नागरिकांना त्याचा अतोनात त्रास झाला. पण शाळेच्या वाटेवर असलेल्या मुलांना सळयांचे जाळे, काँक्रीट ओतण्याचे काम, पाणी उपसणारे पंप आणि ते चालवणारे कामगार रोज पाहता आले. नदीखालून जाणाऱ्या नव्या मार्गिकेचे बोगदे यंत्राने जमिनीच्या पोटात खोदले. रस्ता बराचसा शाबूत राहिला आणि कामही दृष्टीआड झाले.

बांधकामाचा हा स्वभावच आहे. काम पूर्ण होते तेव्हा त्यातील बहुतेक कौशल्य गिलाव्याखाली, फरशीखाली किंवा जमिनीखाली गेलेले असते. त्यामुळे दहावीनंतर कोणती वाट धरावी, याचा विचार करणाऱ्या मुलामुलींच्या मनात बांधकाम म्हटले की दोनच चित्रे उभी राहतात. एकीकडे डोक्यावर घमेले घेतलेला मजूर आणि दुसरीकडे पांढरे हेल्मेट घातलेला अभियंता. या दोन टोकांच्या मध्ये सर्वेक्षक, आरेखक, सळई वाकवणारे आणि बांधणारे, सेंटरिंगचे कारागीर, वेल्डर, प्लंबर, वायरमन, क्रेनचालक, प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहणारे तंत्रज्ञ अशी कितीतरी माणसे आहेत. ती विद्यार्थ्यांच्या नजरेस पडत नाहीत आणि जे नजरेस पडत नाही, ते कोणी निवडतही नाही. ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणजेच संवर्धित वास्तवाचे तंत्र, संक्षेपाने ‘एआर’, या व्यवसायाची ओळख करून देण्यासाठी वापरावे, असा विचार जगभर मांडला जात आहे, तो याच कारणाने.

प्रश्न किरकोळ नाही. नाइट फ्रँक आणि आरआयसीएस या संस्थांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील बांधकाम क्षेत्रात सुमारे ७ कोटी १० लाख लोक काम करतात आणि त्यांपैकी ८१ टक्के अकुशल आहेत. शेतीनंतर सर्वाधिक रोजगार देणाऱ्या क्षेत्राची ही स्थिती आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ अहवालात व्यावसायिक प्रशिक्षण किंवा तत्सम अभ्यासक्रम घेणाऱ्यांचे प्रमाण अवघे ५.६ टक्के आढळले. म्हणजे या क्षेत्रात माणसे येतात ती बहुधा शिकून येत नाहीत. दुसरे काही मिळाले नाही म्हणून येतात.

एआर म्हणजे काय, याविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणजे आभासी वास्तव पाहणाऱ्याला भोवतालच्या जगापासून तोडते. डोळ्यांवर उपकरण चढवले की समोर सगळेच कृत्रिम असते. एआरमध्ये खरे जग जागेवरच राहते आणि त्यावर चित्र, आकृती किंवा माहितीचा एक थर चढतो. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या दृश्यातील कोपरे, कडा, पोत अशा ओळखीच्या खुणा टिपतो. फोनमधील गती आणि कल मोजणारे संवेदक त्याला साथ देतात. या दोन्हींच्या आधारे फोन स्वतःची जागा सतत ठरवत राहतो आणि म्हणूनच आपण पुढे-मागे सरकलो तरी पडद्यावरची आकृती भिंतीला चिकटल्यासारखी स्थिर भासते. काही वेळा भिंतीवर छापील खूण लावून फोनला सुरुवातीचा बिंदू दाखवला जातो. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ या खेळाने हे तंत्र घराघरांत पोहोचवले. पण त्याचा उगम खेळात नाही.

‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो बोइंग या विमान कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या संशोधकांनी, १९९० च्या सुमारास. विमानात बसवायच्या विद्युत तारांच्या जुड्या कामगार मोठमोठ्या फळ्यांवर आराखडा पाहून जुळवत असत. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी फळी लागे. कामगाराच्या डोळ्यांसमोर पारदर्शक पडदा बसवून तारेची वाट थेट फळीवर उमटलेली दाखवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता आणि १९९२ मध्ये त्यांनी ही कल्पना शोधनिबंधातून मांडली. हाताने काम करणाऱ्या कारागिराला काम सोपे व्हावे म्हणून जन्मलेले हे तंत्र, पुढे खेळ आणि जाहिराती यांच्या मार्गाने फिरून आता पुन्हा कारागिरीकडे येत आहे.

बांधकामात त्याला आयता आधार मिळाला तो बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणजे ‘बीआयएम’ या पद्धतीचा. इमारतीचा प्रत्येक खांब, नळ आणि तार यांची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती बांधकामाआधीच तयार केली जाते. नागपूर मेट्रोने त्यात वेळ आणि खर्च या आणखी दोन मितींची जोड देऊन ‘पंचमितीय’ पद्धत वापरली आणि देशातील मेट्रो प्रकल्पांमध्ये ती अग्रेसर मानली गेली. अशी प्रतिकृती हाताशी असेल तर ती मोबाइलवर आणून प्रत्यक्ष जागेवर बसवणे हे पुढचे पाऊल आहे. अभियंत्यांसाठी केलेले हे काम थोडे सोपे करून विद्यार्थ्यांपुढेही ठेवता येते.

शाळेच्या व्हरांड्यातील एखादा खांब घ्यावा. मुले त्याला टेकून उभी राहतात, त्याभोवती पकडापकडी खेळतात. तो आतून कसा आहे, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. खांबावर खूण चिकटवून मोबाइल समोर धरला, की रंग आणि गिलावा पुसट होऊन आतल्या उभ्या सळया दिसाव्यात. त्यांना ठराविक अंतरावर वेढणाऱ्या आडव्या कड्या दिसाव्यात. मग प्रश्न विचारता येतो : या कड्या कशासाठी? उभ्या सळया भार घेतात, हे मुले चटकन सांगतील; पण वरून दाब आल्यावर त्या सळया बाहेरच्या बाजूला वाकू पाहतात आणि कड्या त्यांना आवळून धरतात, हे पडद्यावर एक कडी काढून टाकली की आपोआप कळते. भूकंपात खांब कोसळतात त्यामागे अनेकदा या कड्यांचे चुकलेले अंतर किंवा नीट न वाकवलेली टोके असतात. एवढे समजल्यावर सळई बांधणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते. त्याच्या हातातील चिमट्याच्या दोन पिळांवर वरचे मजले उभे असतात.

याच खांबात आणखी एक धडा आहे. सळई आणि बाहेरची कडा यांच्यामध्ये काँक्रीटचे पुरेसे आवरण हवे. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार खांबाच्या मुख्य सळयांसाठी ते सर्वसाधारणपणे किमान ४० मिलिमीटर, तर पायासाठी ५० मिलिमीटर असावे लागते. कमी पडले तर ओलावा आत शिरतो, सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीट फोडते. कोलकात्याच्या दमट हवेत हे प्रकरण पुस्तकी राहत नाही. जुन्या इमारतींच्या छज्जांखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया वर पाहिल्या तर दिसतात. पडद्यावर हे आवरण ४० वरून १० मिलिमीटर करावे आणि पुढची वीस-तीस वर्षे काही सेकंदांत सरकवावीत. सळईखाली ठेवायच्या लहानशा ठोकळ्याचे महत्त्व व्याख्यानाशिवाय लक्षात येईल. अशा धड्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मात्र धडा तयार करणाऱ्याला सळई बांधण्याचे काम ठाऊक असावे लागते आणि नेमकी तीच गोष्ट बहुतेक चकचकीत ॲपमध्ये हरवलेली असते.

कोलकात्यापुरते बोलायचे तर सर्वांत मोलाचा धडा नदीखालीच आहे. ‘रचना’ आणि ‘प्रेरणा’ अशी नावे दिलेल्या दोन यंत्रांनी २०१७ मध्ये हुगळीचे पात्र पार केले. पुढच्या बाजूला फिरणारी चकती माती कापते, कापलेली माती मागे वाहून नेली जाते आणि यंत्राच्या पोटातच काँक्रीटचे पूर्वनिर्मित वक्र तुकडे जोडून एकेक कडे पूर्ण होते. मग यंत्र त्याच कड्याला रेटा देऊन पुढे सरकते. सुमारे साडेपाच मीटर आतील व्यासाचा हा बोगदा असा कड्यामागून कडे जोडत वाढला. तुकड्यांच्या सांध्यांत पाणी अडवणारी गॅस्केट बसवली जातात. कडे आणि माती यांच्यातील पोकळीत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरले जाते. यंत्राच्या तोंडाशी मातीचा आणि पाण्याचा दाब समतोल ठेवावा लागतो. तो ढळला तर वरची जमीन खचते किंवा उचलली जाते.

फलाटावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने मोबाइल बोगद्याच्या तोंडाकडे वळवला आणि त्याला हे सारे दिसले, तर त्याच्यासमोर एक यंत्र येईल तसा व्यवसायांचा एक ताफाही येईल. यंत्राचा चालक आहे. वक्र तुकडे उचलून जागी बसवणारा आहे. मिश्रणाचे प्रमाण आणि दाब सांभाळणारा आहे. उपग्रहाचे संकेत जमिनीखाली पोहोचत नाहीत, त्यामुळे बोगद्याची दिशा मोजत राहणारा सर्वेक्षक आहे. आणि जमिनीवर, गल्लीबोळांतील शंभर वर्षांच्या घरांच्या भिंतींवर उपकरणे लावून त्या किती मिलिमीटर कलल्या, याची रोज नोंद ठेवणारा तंत्रज्ञ आहे. ही शेवटची नोकरी अस्तित्वात आहे, हेच बहुसंख्य विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

ती किती निकडीची आहे, हे या शहराने सोसून पाहिले आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी याच मार्गिकेवर बोबाजार भागात ‘चंडी’ हे यंत्र भूजलाच्या साठ्याला भिडले, बोगद्यात पाणी शिरले आणि वरची जमीन खचली. दुर्गा पिथुरी लेन आणि आसपासच्या गल्ल्यांतील घरे तडकली, काही कोसळली. शेकडो रहिवाशांना रातोरात बाहेर पडावे लागले. २०२२ मध्ये त्या भागात पुन्हा तडे गेले. सियालदह ते एस्प्लनेड हा जोडणारा टप्पा त्यानंतर बराच काळ रखडला आणि अखेर २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. नदीखालचा भाग त्याआधीच, ६ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला होता. बांधकामाची ओळख करून देणारे कोणतेही साधन केवळ नदीखालचा निळा प्रकाश दाखवून बोबाजार वगळणार असेल, तर ते माहितीपत्रकापेक्षा वेगळे ठरणार नाही. उलट, पाणी कुठून शिरले आणि कोणत्या मोजणीकडे लक्ष ठेवायचे असते, हे दाखवणारा धडा अधिक विद्यार्थ्यांना या व्यवसायाकडे ओढून आणू शकेल. आपले काम चुकले तर कोणाचे तरी घर जाते, ही जाणीव तरुणांना परावृत्त करतेच असे नाही; अनेकांना ती कामाची प्रतिष्ठा वाटते.

नदीच्या वर, डोळ्यांना स्पष्ट दिसणारे उदाहरणही आहे. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी खुल्या झालेल्या हावडा पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद असून त्याचे भाग रिव्हेटने जोडलेले आहेत. येथे काहीच झाकलेले नाही. तरी कोणता भाग ताणला जातो आणि कोणता दाबला जातो, हे नुसत्या नजरेला कळत नाही. त्या पोलादी सांगाड्यावर ताण आणि दाब दोन रंगांत दाखवणे हे एआरचे सोपे काम आहे. या पुलाचा विचार करण्यासाठी १९२१ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर राजेंद्रनाथ मुखर्जी होते. व्हिक्टोरिया मेमोरियल उभारणाऱ्या मार्टिन कंपनीचे ते भागीदार. आजारपणामुळे त्यांना अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले होते. पदवीच्या दारातून आत न येताही बांधकामात मोठे होता येते, याचे उदाहरण शोधण्यासाठी कोलकात्याच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही.

असे धडे तयार करू शकणाऱ्या संस्था शहरात आहेत. १९५९ मध्ये सुरू झालेले बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आणि १९९७ मध्ये खुली झालेली सायन्स सिटी, या दोन्ही ठिकाणी शाळांच्या सहलींची रीघ असते. देशभरातील विज्ञान संग्रहालयांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही येथेच. पूर्व आणि ईशान्य भारतातील तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांना घडवणारी राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था १९६५ पासून कोलकात्यात आहे. शिबपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आजची आयआयईएसटी, १८५६ चे. जादवपूर विद्यापीठात तर बांधकाम अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. संवर्धित वास्तवाचा शालेय वापर हाही भारतात नवखा विषय राहिलेला नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमधील संशोधकांनी ग्रामीण शाळांतील भूमितीच्या शिक्षणासाठी ‘स्कॉलएआर’ हा प्रयोग करून पाहिला, त्याला काही वर्षे उलटली आहेत.

शासकीय पातळीवरही हालचाल आहे, मात्र तिचा रोख अजून पूर्वेकडे वळलेला नाही. केंद्रीय कौशल्य विकास मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मेटा कंपनीच्या सहकार्याने आभासी आणि मिश्र वास्तवाची पाच उत्कृष्टता केंद्रे जाहीर केली. हैदराबाद, बंगळुरू, जोधपूर, चेन्नई आणि कानपूर येथील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांची त्यासाठी निवड झाली. हावड्याच्या दासनगर येथील संस्था त्या यादीत नाही. मुर्शिदाबाद आणि मालदा जिल्ह्यांतून निघणारे राजमिस्त्री, म्हणजे आपल्याकडचे गवंडी, मुंबईपासून केरळपर्यंत इमारती उभ्या करत असताना त्या प्रदेशाच्या वाट्याला हे केंद्र न येणे खटकणारे आहे.

पण केंद्र मिळाल्याने काम भागते, असेही नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या जुलैमध्ये तेव्हाच्या फेसबुक कंपनीसह संवर्धित वास्तवाचा अभ्यासक्रम जाहीर केला होता. पहिल्या टप्प्यात १० हजार शिक्षक आणि दुसऱ्या टप्प्यात ३० हजार विद्यार्थी, असे त्याचे उद्दिष्ट होते. शिक्षकांना ‘स्पार्क एआर स्टुडिओ’ हे साधन शिकवायचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ते साधन बाहेरच्या निर्मात्यांसाठी बंद केले. बांधकाम उद्योगात हेल्मेटला जोडून वापरला जाणारा मायक्रोसॉफ्टचा ‘होलोलेन्स २’ हा चष्मादेखील २०२४ मध्ये उत्पादनातून बाद झाला. ओळंबा आणि पाणसळ शतकानुशतके टिकतात. हे चष्मे पाच वर्षेही टिकत नाहीत. म्हणून शाळांनी एखाद्या कंपनीच्या उपकरणात पैसा गुंतवण्याऐवजी खांबाची, बोगद्याची, जिन्याची त्रिमितीय प्रतिकृती खुल्या स्वरूपात तयार करून जपणे शहाणपणाचे ठरेल. फोन बदलला तरी प्रतिकृती राहते.

फोनचा प्रश्नही वाटतो तितका सुटलेला नाही. ‘असर २०२३’ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. ‘प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर पाहावे’ अशी सूचना दिली, की वर्गातील मुली आपोआप मागच्या रांगेत जातात. बांधकामावर आजही स्त्रिया प्रामुख्याने विटा, वाळू आणि घमेली वाहताना दिसतात. थापी त्यांच्या हाती क्वचितच येते. ओळख करून देण्याच्या पहिल्याच तासाला हीच दरी पुन्हा उभी करायची नसेल, तर तिकाटण्यावर बसवलेला शाळेचा एकच टॅब्लेट आणि त्याभोवती उभा राहिलेला पूर्ण वर्ग, ही व्यवस्था अधिक न्याय्य ठरेल. चर्चाही त्यातूनच अधिक होते.

पडद्याच्या काही मर्यादा मात्र कोणत्याही व्यवस्थेने दूर होणाऱ्या नाहीत. सिमेंटच्या पोत्याचे ५० किलो वजन पडद्यावर जाणवत नाही. मे महिन्यातील कोलकात्याचा उकाडा, कापलेल्या फरशीची धूळ, परातीवर दिवसभर उभे राहून दुखणारी पोटरी यांची प्रतिकृती होत नाही. मजुरी वेळेवर मिळेल की नाही, मुकादम किती कापून घेईल, हे कोणतेही ॲप सांगत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी मिझोराममध्ये सैरांगजवळ बांधकाम सुरू असलेला रेल्वेपूल कोसळून २० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक मालदा जिल्ह्यातील होते. त्या जिल्ह्यातील शाळेत बांधकाम व्यवसायाची ओळख करून देण्यासाठी कोणी गेले, तर पहिला प्रश्न तंत्रज्ञानाविषयी विचारला जाणार नाही. सुरक्षापट्टा कोण देतो, विमा कोण उतरवतो आणि अपघात झाला तर घरच्यांना कोण कळवतो, हे विचारले जाईल.

त्या प्रश्नांना उत्तरे आहेत आणि ती व्यवसायाच्या ओळखीचाच भाग असायला हवीत. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ ते २ टक्के उपकर आकारून राज्योराज्यी कामगार कल्याण मंडळे उभी करण्याची तरतूद केली; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ती आपल्यात सामावून घेतली आहे. १८ ते ६० वयोगटातील, मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. नोंदणी नसेल तर लाभ नाहीत आणि स्थलांतरित कामगार बहुधा इथेच मागे राहतो. खांबातील सळया दाखवणाऱ्या पडद्यावर कामगाराचे ओळखपत्र कसे काढायचे, हेही दाखवता येईल. त्याला एखादे मिनिट पुरते.

एक बाब एआरच्या निर्विवाद बाजूची आहे. पंधरा वर्षांच्या मुलांना उंच परातीवर किंवा खोल खड्ड्याच्या काठावर नेता येत नाही आणि नेऊ नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले असून त्यात सुतारकाम, विद्युतकाम आणि धातुकाम यांचा उल्लेख आहे. सुताराच्या कार्यशाळेत मुले सुरक्षित बसू शकतात. बाराव्या मजल्याच्या स्लॅबवर नाही. तेथे पडदा पुढे यावा आणि जमिनीवरच्या कामासाठी खरी थापी हाती यावी. दोन्ही एकाच आठवड्यात झाले तर अधिक चांगले. पडद्यावर भिंत ओळंब्यात पाहणे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रचलेल्या पाच थरांची भिंत ओळंबा लावून वाकडी निघालेली पाहणे, या क्रमात शिकलेले विसरले जात नाही.

पुढची वाट मात्र त्याच वर्गात, त्याच दिवशी समोर ठेवावी लागते. अन्यथा कुतूहल घरी पोहोचेपर्यंत विझते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये म्हणजे आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही तो खुला आहे. स्थापत्य आरेखक हा दोन वर्षांचा असून त्यासाठी दहावी लागते. विद्युततंत्रीचाही कालावधी दोन वर्षांचा. प्लंबर आणि वेल्डर हे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची सोय अनेक राज्यांत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह काम शिकता येते. पूर्व विभागाचे या विषयातील मंडळ सॉल्ट लेकमध्ये आहे. लार्सन अँड टुब्रोने १९९५ मध्ये चेन्नईत सुरू केलेल्या बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्थांपैकी एक पनवेलला आहे, तर एक कोलकात्याजवळ श्रीरामपूरला. नदीखालून येणारी मेट्रो हावड्याला थांबते. तेथून दासनगर आणि श्रीरामपूर या दोन्ही ठिकाणी लोकल गाड्या जातात.